तळघरातले चेहरे

नीवेस कोल्झानीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आपल्या पेपरच्या स्टॉलमध्ये एका मासिकात डोकं खुपसून बसली होती, आणि बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. मी चौथी. मिलानच्या उत्तरेला, निगुआर्दात, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ तो हिरव्या पत्र्याचा स्टॉल होता. मी त्याच आठवड्यात तिच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. एका शिवणकारखान्यात कोटांना अस्तर लावायचं काम करायचे, म्हणून मला कोटांची चित्रं असलेलं एखादं मासिक हवं होतं.

मी एक उचललं. तिनं मान वर न करताच म्हटलं, "ते नको घेऊस. कोट चांगला आहे, पण बाई झोपलेली आहे."

"डोळे तर उघडे आहेत तिचे."

"डोळे उघडे आहेत, चेहरा झोपलाय. हे बघ." तिनं आपल्या हातातलं पान माझ्याकडे फिरवलं. "हिच्या वरच्या पापणीला काही लावलेलंच नाही. सगळं खालच्या पापणीला. त्यामुळे ती आत्ताच रडून उठल्यासारखी दिसते आणि कोट घालून कुठंतरी जायला निघालीय. आता तुला हा कोट हवासा वाटतो की नाही?"

वाटला. मागची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तेव्हा कुठं तिनं पैसे घेतले.

नीवेस मूळची इथलीच. वडील टायरच्या कारखान्यात, आई लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. सतराव्या वर्षी ती मावशीच्या केस कापायच्या दुकानात लागली. तिथं बायका ड्रायरखाली बसून वाचायच्या ती मासिकं तिनं हातात घेतली आणि तिथंच तिचं काहीतरी ठरून गेलं. कपडे तिला आवडायचेच, पण तिची नजर आधी जायची ती चेहऱ्यावर. भुवई कुठून उचललीय, गालावर रंग हाडाच्या वर आहे की खाली, कान झाकलाय की मुद्दाम उघडा ठेवलाय. पुढं ट्राम चालवणाऱ्या एत्तोरेशी लग्न झालं, सासऱ्याचा पेपरचा स्टॉल तिच्याकडे आला, आणि मग काय, उंदराला पिठाची गिरणीच मिळाली. उरलेले अंक वितरकाला परत करावे लागायचे, त्यामुळे जपून ठेवायचे अंक ती स्वतःच विकत घ्यायची. गल्ल्यात आपलेच पैसे टाकून आपल्यालाच धन्यवाद म्हणायची. एत्तोरे म्हणायचा, "आमच्या स्टॉलला एक गिऱ्हाईक बांधलेलं आहे. तेही घरचं."

हे सगळे अंक इमारतीच्या तळघरात, त्यांच्या वाट्याच्या जाळीच्या खोलीत जायचे. प्रत्येक वर्षाचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले, वर खडूनं साल. सोबत शाळेतल्या चौकटीच्या वह्या. त्यांत ती लिहून ठेवायची: कुठला महिना, कितवं पान, चेहरा कुणी रंगवला, केस कुणी केले, आणि पुढं एक ओळ स्वतःचं मत. मी एकदा उघडून पाहिलं होतं. "मार्च. ओठ उगाच लाल केलेत. त्या मुलीला काही म्हणायचं होतं, ते लालीनं दाबून टाकलं."

फॅशनच्या आठवड्यात, म्हणजे फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, ती दुपारी बारालाच स्टॉलचं शटर ओढायची आणि ट्राम पकडून गावात जायची. आत जायचं निमंत्रण तिला कोण देणार? ती मागच्या दाराशी कठड्याला टेकून उभी राहायची. रॅम्पवर चालून झालं की मुली कपडे आत उतरवून ठेवतात, पण चेहरा तसाच घेऊन बाहेर पडतात. पुढच्या शोला पोहोचायचं असतं, धुवायला वेळ कुठला. अंगात जुनी जीन्स, हातात केळं, आणि डोळ्यांवर दोन माणसांनी तासभर खपून केलेलं काम. नीवेस म्हणायची, "आतल्या लोकांना दिव्यात दिसतं. मला उन्हात दिसतं. खरं तर माझीच जागा चांगली."

एकदा अशीच एक मुलगी ट्रामच्या थांब्यावर रडत बसलेली तिला दिसली. एकोणीस वर्षांची असेल, कुठल्या तरी उत्तरेकडच्या देशातली. पापण्यांवर सोन्याचा वर्ख चिकटवलेला होता आणि तो निघता निघत नव्हता. पुढच्या ठिकाणी कोरा चेहरा मागितला होता. नीवेस तिला समोरच्या बारमध्ये घेऊन गेली, बारवाल्याकडून वाटीत ऑलिव्हचं तेल आणि कागदी रुमाल मागून घेतले, मुलीची हनुवटी वर केली, आणि मग थांबली. "एक मिनिट," ती म्हणाली. "काढायच्या आधी मला नीट बघू दे." मुलीला भाषा येत नव्हती, पण ती कळल्यासारखी गप्प बसून राहिली. पुरतं मिनिटभर बघून झाल्यावर नीवेसनं तो वर्ख तेलानं हळूहळू उतरवला. कातडी लालसुद्धा झाली नाही.

सिनेमाचंही तसंच. गुरुवारी चर्चच्या थिएटरात जुने सिनेमे लागायचे, आम्ही दोघी जायचो. तिच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे एक डोकेदुखी. नायिका मरायला टेकलेली, अख्खं थिएटर हुंदके देतंय, आणि ही माझ्या कानात, "ही भुवई पाच वर्षं आधीच आलीय. त्या काळात इतकी बारीक कुणी करत नव्हतं."

"नीवेस, ती मरतेय."

"मरू दे ना, पण त्या काळातली भुवई घेऊन मरू दे."

तिच्या या वेडाची बाहेर कुणी दखल घेईल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. तिलाही नाही. ती बासष्ट वर्षांची झाली त्या वर्षी सप्टेंबरात लिविया नावाची एक बाई स्टॉलवर आली. पस्तिशीची, कापलेले केस, खांद्याला मोठी पिशवी. ती सिनेमाच्या मेकअप विभागात काम करत होती. एका मोठ्या दुकानात काम करणाऱ्या मुलींवर सिनेमा होता, गोष्ट बहात्तर सालच्या मिलानमधली, आणि चित्रीकरण इथंच नोव्हेंबरात. तिनं नुसतं विचारलं की जुने अंक कुठं मिळतील.

"जुने म्हणजे कुठले?"

"बहात्तर सालचे."

"बहात्तरचे बघून काय करणार तुम्ही?" नीवेस म्हणाली. "बहात्तरच्या मासिकातला चेहरा दुकानातल्या मुलीनं त्र्याहत्तरमध्ये केला. बहात्तरमध्ये ती सत्तरचाच करत होती, आणि तोही आईची नजर चुकवून."

लिवियानं पिशवी खाली ठेवली. "सिन्योरा, तुमच्याकडे आहेत का ते अंक?"

त्या दिवशीही स्टॉल बाराला बंद झाला. दोघी तळघरात उतरल्या त्या चार वाजता वर आल्या, गुडघ्यांना धूळ लागलेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिविया येऊन पानं निवडणार, आणि चित्रीकरणाचे बारा दिवस नीवेसनं मेकअपच्या गाडीत बसायचं, काय चुकतंय ते सांगायचं, असं ठरलं. नीवेसनं एत्तोरेला हे सांगितलं तेव्हा तो सोफ्यावर पेपर वाचत होता. एकतीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस, त्याला कशाचं फारसं नवल वाटत नाही. तो म्हणाला, "म्हणजे काय चुकतंय ते सांगायचे आता लोक तुला पैसे देणार. मी चाळीस वर्षं फुकट ऐकतोय."

आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही. सोमवारी तिला आमच्याच भागातल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं, मंगळवारी पित्ताशय काढलं. ऑपरेशन नीट झालं. बुधवारी पाऊस लागला.

आमच्या भागात पाऊस म्हणजे सेवेझो. ही नदी उत्तरेकडून येते आणि शहराच्या पोटात शिरते, रस्त्याखालून बोगद्यातून वाहते. जोराचा पाऊस झाला की बोगद्याला ती मावत नाही आणि आमच्या गटारांच्या झाकणांतून वर येते. तळघरांना याची सवय होती. घोट्याइतकं पाणी दोन-तीन वर्षांनी यायचंच. म्हणून नीवेसनं गुडघ्याच्या वर लोखंडी फळ्या ठोकून घेतल्या होत्या आणि त्याखाली काही ठेवायची नाही. चाळीस वर्षांत तिचं एक पान भिजलं नव्हतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

बुधवारी मी बहिणीकडे मुक्कामाला होते. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला परत आले तर ट्राम तीन थांबे आधीच बंद. पुढं रस्ता नव्हताच, नुसतं तपकिरी पाणी, त्यात गाड्या दारापर्यंत बुडलेल्या. मी भिंतीला धरून धरून आमच्या दारापर्यंत पोहोचले. तळमजल्यावर अर्मिदा राहते, इमारतीची राखण करणारी सत्तरीची बाई. तिच्या खोलीत कुणी नव्हतं. मी तळघराच्या जिन्याशी गेले. तिथं एकूण चौदा पायऱ्या. मला वरच्या तीन दिसल्या. चौथीवर पाणी होतं, आणि पाण्यावर कुणाची तरी प्लास्टिकची टोपली फिरत होती.

मी चौथ्या मजल्यावर जाऊन एत्तोरेचं दार ठोकलं. उत्तर नाही. फोन लावला, तो बंद. मला वाटलं, हा हॉस्पिटलात गेला असणार आणि त्याला यातलं काही माहीतही नसणार. मग मीही गुडघाभर पाण्यातून निघाले.

एत्तोरे तिथं नव्हता. नीवेस उशीला टेकून बसली होती, समोर पातळ सूपचा वाडगा, न प्यायलेला. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, पण आभाळ दिसत होतं, आणि वॉर्डातल्या टीव्हीवर सकाळपासून तेच चाललं होतं. तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्या पँटवर पाण्याची रेघ उमटली होती तिकडे.

"किती?" ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला लागले की अजून नक्की नाही, पंप येणार आहेत, अर्मिदा भेटली नाही.

"अगं, मी तुला पायऱ्या विचारतेय."

"चौथीपर्यंत."

तिनं डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं ती हिशोब करतेय की वरची फळी कुठवर येते. मीही जिन्यापाशी तोच केला होता. वरची फळी सातव्या पायरीच्या पातळीला. म्हणजे काहीच राहिलेलं नाही.

ती रडली नाही. डोळे मिटूनच बोलायला लागली, अगदी साध्या आवाजात. "चौऱ्याहत्तरचा ऑक्टोबर. भिंतीला टेकून उभी असलेली बाई, राखाडी स्वेटर. तिचे केस ओले ठेवले होते. त्याआधी ओले केस कुणी छापले नव्हते... एक्क्याऐंशीचा मे. जुळ्या बहिणी, एकीला मेकअप केलाय, एकीला नाही, आणि कुठली कुठली ते सांगितलेलं नाही. मी पंधरा दिवस ते पान स्टॉलवर उघडं ठेवलं होतं, येईल त्याला विचारायची. कुणालाच नीट सांगता आलं नाही... शहाण्णवचा फेब्रुवारी. ती काळी मुलगी, गालावर नुसतं तेल. बाकी काही नाही. फोटो काढणाऱ्याला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं असणार की हिला उजळ करू नका."

मी तिचा हात धरून ऐकत राहिले. असं पाच-सहा मिनिटं चाललं असेल. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीनं टीव्हीचा आवाज बंद केला.

मग नीवेसनं डोळे उघडले. "लिवियाला फोन कर. सांग येऊ नकोस म्हणून. तिला शनिवारपर्यंत कळायला हवं, ती दुसरीकडे कुठंतरी बघेल. तिचा उगाच खोळंबा नको."

"उद्या करू ना."

"आत्ता कर. मला करवणार नाही म्हणून तुला सांगतेय."

मी बाहेर पडले आणि लिफ्टपाशी उभी राहून नंबर लावला. घंटा वाजायला लागली. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आतून एत्तोरे बाहेर आला. त्याच्या अंगावर कुणाचा तरी जुना ट्रॅकसूट होता, आखूड झालेला, दोन्ही तळव्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि तो कमरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून चालत होता.

"कुणाला फोन लावतेस?"

"लिवियाला. मासिकं गेली म्हणून सांगायला."

"कुठं गेली?"

मी फोन कानापासून खाली घेतला.

"बंद कर तो फोन," तो म्हणाला.

मी बंद केला. तो खोलीत शिरला, मी मागं. नीवेसनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "हातांना काय झालं तुझ्या?"

"सुतळी. कुणी तरी चाळीस वर्षं सुतळीनं गाठी मारून ठेवल्यात, त्या हाताला कापतात." तो खुर्चीत हळूच बसला. "नीवेस, तू घरी आलीस की झोपायचं कुठं ते आपल्याला ठरवायला लागेल. पलंगावर सत्तर ते ब्याऐंशी आहे. न्हाणीघरात नव्वदच्या पुढचं सगळं. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर झोपलो, कारण सोफ्यावर तुझ्या वह्या आहेत, आणि त्यांच्यावर बसलो असतो तर तू मला सोडलं नसतंस."

पोटाला टाके होते, त्यामुळे नीवेसला धड हसताही येत नव्हतं आणि धड रडताही. ती पोट दाबून धरून बसली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हातारी पलीकडून म्हणाली, "हसू नको बाई, टाके जातील."

मग त्यानं सगळं सांगितलं. बुधवारी तो तिला भेटून दुपारी घरी निघाला होता, तेव्हा कोपऱ्यावरचं गटाराचं झाकण त्याला दिसलं. पाणी आलेलं नव्हतं अजून, पण झाकण उचक्या दिल्यासारखं हलत होतं. एकतीस वर्षं त्याच रुळांवरून गेलेला माणूस. ते झाकण त्यानं बऱ्याच पुरांत पाहिलं होतं, पण असं लागोपाठ उचक्या देताना एकदाच, तो नोकरीला नवा होता तेव्हा, आणि त्या वेळी पाणी ट्रामच्या पायरीवर आलं होतं. तो घरी न जाता सरळ बोच्चेच्या, म्हणजे गोळे फेकायच्या खेळाच्या, मैदानावर गेला. तिथं पावसामुळे खेळ बंद, ट्रामचे दोन जुने ड्रायव्हर छपराखाली पत्ते खेळत बसलेले. त्या दोघांना उठवून आणलं. अर्मिदानं आपल्या खोलीचं दार उघडं ठेवलं, म्हणजे गठ्ठे तिथं टेकवून दम घेता येईल. दीड वाजता सुरू केलं. तळघर ते चौथा मजला. लिफ्टमध्ये एका वेळी सहा गठ्ठे मावायचे, आणि साडेतीनला लिफ्ट बंद पडली.

"मग?"

"मग काय, जिना. दर मजल्यावर एक माणूस. अर्मिदा दुसऱ्या मजल्यावर. सत्तर वर्षांची बाई, आणि आम्हा तिघांना शिव्या देत होती की हळू चालता म्हणून. सातला संपलं. मी खाली बघायला गेलो तर घोट्याइतकं आलं होतं, आणि रिकामी जाळी बघून मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच दोन मिनिटं पाण्यात उभा राहिलो. फोन तिथंच पडला."

"आणि सकाळपासून कुठं होतास?"

"रस्ते बंद. स्टेशनला वळसा घालून आलो. आधी भलत्याच इमारतीत गेलो, तिथं कुणी तरी मला बाळंतिणीच्या वॉर्डात पाठवलं."

नीवेसनं त्याचा पट्टी बांधलेला हात आपल्या हातात घेतला. "सगळं आणलंस?"

त्याला खोटं बोलता येत नाही. "त्र्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी राहिलं. ती फळी मागं होती, मला दिसलीच नाही."

नीवेसनं क्षणभर विचार केला.

"त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीत गालांवर वीट घासल्यासारखा रंग लावायचे," ती म्हणाली. "गेलं ते बरं झालं." आणि तिनं सूपचा वाडगा जवळ ओढला. ते गार झालं होतं. तिनं सगळं पिऊन टाकलं.

नंतर एत्तोरेनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मला, बाहेर, मशीनची कॉफी पिताना. रात्रभर पाठीमुळे झोप लागेना म्हणून त्यानं एक वही उघडली होती. त्याला वाटायचं, त्यांत नुसत्या लिपस्टिकच्या नोंदी असतील. त्या होत्याच. पण मध्येमध्ये दुसरंही होतं. 'जून. पापण्यांचा निळा रंग परत आला. एत्तोरेला पहाटेची पाळी लागली, त्याचे डोळे सुजतात.' 'डिसेंबर. सगळ्यांचे चेहरे एकसारखे. आई गेली. या महिन्यात मी काही नीट पाहिलंच नाही.' 'सप्टेंबर. आज कठड्यापाशी एत्तोरे मला घ्यायला आला, गणवेशात. एका छायाचित्रकारानं त्याचा फोटो काढला. माझा नाही.'

"ते मी विसरूनच गेलो होतो," तो म्हणाला. "फोटो काढला होता खरा. टोपीमुळे." कप चुरगळून टाकत तो म्हणाला, "मला वाटायचं ही तिकडं बघत असते."

ती रविवारी घरी आली. झोपायला आमच्याकडे, कारण पलंग रिकामा व्हायला चार दिवस लागले. गठ्ठे क्रम सोडून रचलेले होते, त्यावरून तिनं नवऱ्याला आठवडाभर ऐकवलं, आणि तोही मुकाट ऐकत होता. पाणी उतरल्यावर तळघरातून त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचे लगदे फावड्यानं काढले. त्यातला वरचा एक गठ्ठा नुसता ओला होता. त्याची पानं अर्मिदानं अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर एकेक करून लावली. तीन दिवस शेजारपाजारचे लोक त्या दोऱ्यांमधून वाकून ये-जा करत होते आणि जाता जाता बघत होते. तळमजल्यावरचा प्लंबर, ज्यानं आयुष्यात क्रीडापानाखेरीज काही वाचलं नसेल, तो एका पानाशी बराच वेळ उभा होता. अर्मिदानं विचारलं, काय बघतोस? तो म्हणाला, "ही नाक वर करून का उभीय?" नीवेस वरून खिडकीतून ओरडली, "कारण टोपीची सावली डोळ्यांवर पडायला हवी होती." तो मान हलवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला.

लिविया ठरल्या दिवशी आली. तिला पुराची बातमी कळली होती, पण माझ्या फोनची घंटा दोनदा वाजून थांबलेली, त्यामुळे काय समजायचं ते तिला कळत नव्हतं. नीवेसच्या पलंगावरचे गठ्ठे बघून ती दारातच खाली बसली आणि कितीतरी वेळ नुसतीच मान हलवत राहिली.

चित्रीकरण सुरू झालं तेव्हा नीवेसला जिना चढायला अजून धाप लागायची. गाडी तिला दारातून घेऊन जायची. एके दिवशी ती मलाही बरोबर घेऊन गेली. मेकअपच्या गाडीत आरशासमोर एक तरुण नटी बसली होती, दुकानातल्या मुलीचं काम करणारी, आणि एक अनुभवी मेकअप करणारा तिच्या डोळ्यांवर रेघ ओढत होता. रेघ इतकी सुंदर होती की मी बघतच राहिले. नीवेस कोपऱ्यात स्टुलावर बसून होती. ती म्हणाली, "फार चांगली आहे."

"धन्यवाद, सिन्योरा."

"नाही, म्हणजे फारच चांगली आहे. ही मुलगी सहाला उठते. आई घरात मेकअप करू देत नाही, म्हणून ती ट्राममध्ये करते, पावडरच्या डबीतल्या आरशात बघून. उजव्या हातानं. म्हणजे उजवा डोळा नीट येणार आणि डावा जरा बिघडणार, कारण हात नाकावरून पलीकडे न्यावा लागतो. आणि मध्येच ट्राम वळते."

लिवियानं मेकअपवाल्याकडे पाहिलं. त्या माणसानं वीस वर्षं डावा डोळा उजव्यासारखा करण्यात घालवली होती, आणि ही पोटावर उशी धरून बसलेली पेपरवाली बाई त्याला उलटं सांगत होती. मग त्यानं ब्रश नटीच्या हातात दिला. "डावा तू कर," तो तिला म्हणाला. नटीनं केला. रेघ शेवटी थोडी जाड झाली आणि खाली घसरली. ती आरशात बघून आधी हसली आणि मग गप्प झाली. नुसत्या तेवढ्यानं ती मुलगी घाईत निघालेली, जरा भ्यालेली, कुणाची तरी मुलगी दिसायला लागली.

"हां," नीवेस म्हणाली. "आता ती जागी झाली."

त्या दिवशी परत येताना गाडीत ती झोपून गेली, माझ्या खांद्यावर. इतक्या वर्षांत मी तिला दिवसाउजेडी झोपलेली पाहिलेलं नव्हतं.

पुढच्या वसंतात इमारतीच्या सभेत गच्चीखालची माळ्याची खोली तिला मासिकांसाठी दिली गेली. पूर्वी तिथं कपडे वाळवायचे, आता कुणी वापरत नव्हतं. एकानंही हरकत घेतली नाही, प्लंबरनं तर फळ्या फुकट लावून दिल्या. मेकअप शिकवणाऱ्या संध्याकाळच्या शाळेतल्या दोन मुली लिवियाच्या सांगण्यावरून दर मंगळवारी तिथं येतात. नीवेस त्यांना पहिला तासभर काही शिकवत नाही. एक पान उघडून समोर ठेवते आणि म्हणते, "बघा." मुली मोबाइल काढायला लागल्या की ओरडते.

मी मागच्या आठवड्यात वर गेले होते तेव्हा एत्तोरे पायऱ्यांवर बसून गठ्ठ्यांना फीत बांधत होता. रुंद, कापडी, हाताला न लागणारी. आतून नीवेसचा आवाज येत होता, त्या मुलींना ती या वर्षीच्या शोबद्दल सांगत होती. यंदा चेहऱ्यावर जवळजवळ काहीच नव्हतं म्हणे, फक्त नाकाशेजारी थोडी लाली, थंडीतून आत आल्यासारखी. ती स्वतः ते बघायला गेली होती, कठड्यापाशी, दोन तास उभी राहून. डॉक्टरनं सांगितलं होतं की आता कितीही उभी राहा.